अणुवीजकेंद्र बंद होताना जमिनीबद्दल कुणाला, कधी आणि काय सांगायचं? (डायब्लो कॅन्यन, कॅलिफोर्निया)

मोजणीदार

डायब्लो कॅन्यनच्या जमिनीवर बोलायला माणूस माइकसमोर जातो आणि तीन मिनिटांतली अडीच भूकंपावर घालवतो. भूकंपाची काळजी खोटी नाही. समुद्राखाली होसग्री भ्रंश आहे आणि २००८ मध्ये किनाऱ्याला लागून शोअरलाइन भ्रंशही सापडला. पण तो मुद्दा कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नियोजन आयोगापुढे मांडणं म्हणजे सात-बाऱ्यातली चूक दुरुस्त करायला पोलीस चौकीत जाणं. ऐकून घेतील, कागदावर घेतील, पुढे काही होणार नाही. म्हणून हा धागा. सॅन लुईस ओबिस्पो कौंटीत राहणाऱ्यांनी आणि या विषयात डोकं घालणाऱ्या बाकीच्यांनीही भर घालावी.

आधी जमीन समजून घेऊ, कारण ‘प्लांटची जागा’ म्हणून जे बोललं जातं तो एक तुकडा नाही. एकूण सुमारे १२,००० एकर आणि १४ मैलांचा किनारा. त्यातला कुंपणाआतला औद्योगिक भाग, ज्याला सगळे ‘पार्सल पी’ म्हणतात, तो ५८५ एकरांच्या आसपास. बाकी सगळा सुरक्षेसाठी मोकळा ठेवलेला डोंगर, कुरणं आणि कडे. उत्तरेचा भाग माँटान्या दे ओरो या राज्य उद्यानाला भिडतो. दक्षिणेचा भाग अविला बीचकडे उतरतो आणि त्याच टोकाला वाइल्ड चेरी कॅन्यनचे २,४०० एकर येतात, तिथे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याचं जुनं त्रांगडं आहे. दक्षिणेकडची बरीच जमीन केंद्र चालवणाऱ्या पीजी अँड ई या वीज कंपनीच्या नव्हे, तर तिच्या उपकंपनीच्या नावावर आहे. तेव्हा पत्र लिहिताना कुठल्या तुकड्याबद्दल बोलताय ते पहिल्याच ओळीत लिहा. ‘ही सगळी जमीन जनतेला द्या’ या वाक्याला कुठलंही खातं उत्तर देऊ शकत नाही, आणि उत्तर द्यायला बांधीलही नसतं.

आता कोण काय ठरवतं:

फेडरल सरकारचा अणुनियामक आयोग, म्हणजे एनआरसी: किरणोत्सर्ग आणि परवाना. बाकी काही नाही.

कौंटी: पाडकामाचा किनारी विकास परवाना आणि पर्यावरण अहवाल, म्हणजे ईआयआर. जमिनीबाबत सगळ्यात जास्त वजन इथे पडतं.

किनारा आयोग: भरतीरेषेच्या खाली थेट अधिकार, वरच्या बाजूला कौंटीच्या निर्णयावर अपील.

राज्य भूमी आयोग: समुद्रतळाचा भाडेपट्टा. पाणी आत घेण्याची आणि सोडण्याची बांधकामं, लाटा अडवणारे बंधारे, सगळं त्यांच्या जमिनीवर.

सार्वजनिक उपयोगिता आयोग: पैसा, आणि जमीन विकायला किंवा भाड्याने द्यायला परवानगी. कंपनी स्वतःच्या मर्जीने विकू शकत नाही, कलम ८५१ आडवं येतं.

आणि २०१८ पासून असलेलं एंगेजमेंट पॅनल. हे स्थानिक स्वयंसेवकांचं, निव्वळ सल्लागार. त्यांच्या बैठकीत बोललेलं कौंटीच्या फाइलीत आपोआप जात नाही. तिथे बोलून समाधान झालं की लोक घरी जातात, आणि खरी मुदत मागच्या दाराने निघून जाते.

पडवी

एक प्राथमिक शंका. २०२२ मध्ये केंद्र चालू ठेवायचा कायदा झाला ना? मग आत्ता जमिनीची चर्चा कशाला?

मोजणीदार

झाला. सिनेट बिल ८४६, सप्टेंबर २०२२. आधी पहिलं युनिट नोव्हेंबर २०२४ ला आणि दुसरं ऑगस्ट २०२५ ला बंद व्हायचं होतं. कायद्याने त्या तारखा ३१ ऑक्टोबर २०२९ आणि ३१ ऑक्टोबर २०३० वर नेल्या. एनआरसीकडे मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्ज गेला तो २० वर्षांच्या नूतनीकरणाचा. राज्याची मुदत एक आणि फेडरल आयोगाकडचा अर्ज दुसऱ्याच मुदतीचा, यामुळेही गोंधळ उडतो.

पण त्याच कायद्यात जमीन संवर्धन आणि आर्थिक विकासाचा आराखडा करायचं कलम आहे, त्यासाठी १६ कोटी डॉलर धरले होते. म्हणजे केंद्र चालू राहिलं म्हणून जमिनीची फाइल बंद झाली असं नाही. बाहेरच्या डोंगराचं काय करायचं ते केंद्र चालू असतानाही ठरू शकतं. फक्त पार्सल पीला थांबावं लागतं.

बेकरेल

एनआरसीबद्दल दोन गैरसमज कायम दिसतात, ते आधी निस्तरू.

कायमचं बंद झाल्यावर कंपनीने दोन वर्षांच्या आत एक अहवाल द्यायचा असतो: काय, केव्हा, कितीत पाडणार. त्याला पीएसडार म्हणतात. एनआरसी त्यावर केंद्राजवळ जाहीर सभा घेते आणि लोकांना वाटतं ही मंजुरीची सुनावणी आहे. मंजुरी नसतेच! अहवाल मिळाल्यापासून ९० दिवस गेले आणि एनआरसीने हरकत घेतली नाही की मोठं पाडकाम सुरू करता येतं. त्या सभेत ‘मंजूर करू नका’ म्हणून घसा सुकवण्यात अर्थ नाही. तिथे विचारायचं ते वेळापत्रक आणि पैशाचा हिशेब.

खरी मंजुरी लागते ती शेवटी, परवाना संपवण्याच्या आराखड्याला. परवाना संपण्याच्या किमान दोन वर्षं आधी तो द्यावा लागतो, तो परवान्यातली दुरुस्ती म्हणून मंजूर होतो आणि तेव्हा सुनावणी मागता येते. नोटीस निघाल्यापासून साधारण ६० दिवसांची मुदत, आणि नुसती नाराजी चालत नाही. नेमका मुद्दा, त्याला तांत्रिक आधार आणि तुमचा संबंध काय, हे तिन्ही लागतं.

दुसरा गैरसमज ‘निर्बंधमुक्त वापर’ या शब्दाचा. त्याचा अर्थ एवढाच की उरलेल्या किरणोत्सर्गामुळे तिथे राहणाऱ्या माणसाला वर्षाला २५ मिलिरेमपेक्षा, म्हणजे ०.२५ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा बसू नये, आणि शक्य असेल तिथे ती त्याहूनही कमी करावी. अमेरिकेत माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी ३१० मिलिरेम मिळतात, त्याच्याशी ताडून पाहा. एनआरसीने जागा मोकळी केली म्हणजे तिथे घरं बांधायला परवानगी मिळाली, असं अजिबात नाही. ते कौंटीच्या झोनिंगचं, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवण्याचं काम. उलट कौंटीने शेती किंवा मोकळी जागा असा झोन ठेवला म्हणून एनआरसीचा आकडा सैल होत नाही.

आकडा कडक करून घ्यायचा असेल तर रस्ता राज्यातून जातो. मेन राज्यातल्या मेन यांकी अणुकेंद्राचं उदाहरण बघा. १९९७ ला बंद, २००५ ला पाडकाम पूर्ण. कंपनीचा बेत होता की इमारतींच्या काँक्रीटचा चुरा करून तळघरांच्या खड्ड्यांतच भरायचा. लोकांनी विरोध केला, तोही नुसत्या घोषणा देऊन नाही, सल्लागार पॅनलमध्ये आकडे मागून. २००० साली मेन राज्याने कायदाच केला: सगळ्या मार्गांनी मिळून १० मिलिरेम, भूजलातून ४. शेवटी काँक्रीट राज्याबाहेर गेलं. स्थानिक लोकांनी अणुनियमनात हात न घालता जमिनीचा दर्जा कसा बदलून घेतला, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही.

खाडीकाठ

बेकरेल यांनी काँक्रीट काढलंच आहे तर खोलीचं बोलू. अशा ठिकाणी बांधकामं साधारण तीन फूट खोलीपर्यंत काढतात, त्याखालचं भिंतींसकट ठेवून वरून भराव. व्हर्मॉन्ट यांकी केंद्रात चार फूट ठरले. वाचायला ठीक वाटतं. पण पुढे तिथे कुणी पाया खणायला गेलं, पाइप टाकायला गेलं, तर चौथ्या फुटावर काँक्रीटची भिंत. म्हणून ईआयआरवर लिहिताना नुसतं ‘सगळं काढा’ न लिहिता ‘खाली राहणाऱ्या प्रत्येक बांधकामाचा नकाशा, खोली आणि भरावाचा प्रकार दस्तनोंदणीत चढवा’ असं मागा. हे स्वस्त आहे, म्हणून मिळतं.

आता समुद्राची बाजू. पाणी आत घेण्याच्या खाडीपुढे दोन बंधारे आहेत, पूर्व आणि पश्चिम. त्यावर दगड नाहीत नुसते, ट्रायबार आहेत: काँक्रीटचे तीन जाड पाय एकमेकांना जोडलेले, एकात एक अडकवून रचलेले, म्हणजे लाट आदळली की फुटून जिरते. १९८१ च्या जानेवारीत वादळाने पश्चिम बंधारा मोडला होता, तेव्हा ही दुरुस्तीची वस्तू आहे, एकदा बांधून विसरायची नाही.

बंधारे काढायचे की ठेवायचे हा या सगळ्यातला सर्वात महाग प्रश्न आणि त्यावर सगळ्यात कमी लोक लिहितात. कंपनीच्या पाडकाम अर्जात ते ठेवायचेच धरले आहेत, म्हणजे पुढे कुणी तिसरा छोटं बंदर चालवू शकेल. काढले तर तिथे ४० वर्षांत जमलेली जीवसृष्टी उखडली जाते. ठेवले तर डागडुजीचा खर्च कुणाचा, भाडेपट्टा कुणाच्या नावावर, हे ठरवावं लागतं. मला स्वतःला ठेवणं बरं वाटतं, पण दुरुस्तीचा निधी आधी बाजूला काढून. निधीशिवाय बंदर म्हणजे लेकाच्या नावावर हत्ती करून देणं.

मोजणीदार

खाडीकाठ, बार्जचा, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांचा मुद्दा राहिला.

खाडीकाठ

हो, तोच सगळ्यात रोजच्या जगण्यातला. केंद्रापर्यंत रेल्वे नाही. अविलाच्या गेटपासून आत सुमारे सात मैलांचा खासगी रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कडा. मोडतोड बाहेर काढायचे मार्ग दोनच: ट्रक आणि बार्ज. ट्रक गेले तर अविला बीच ड्राइव्हवरून, पुढे पिस्मो बीचच्या रेल्वे यार्डात किंवा सांता बार्बरा कौंटीतल्या बेटरेव्हियाच्या औद्योगिक वसाहतीत, तिथून रेल्वेने. कमी किरणोत्सर्गी कचऱ्याचा मोठा हिस्सा युटातल्या क्लाइव्हला, वरच्या वर्गातला टेक्सासमधल्या अँड्र्यूजला. बार्ज वापरायचं तर शांत पाणी हवं, म्हणजे बंधारे हवेत.

तेव्हा पाडकाम चालू असताना बंधारे उपयोगीच आहेत, वाद नंतरचा आहे. ‘आत्ताच काढा’ आणि ‘ट्रक कमी करा’ या दोन मागण्या एकाच पत्रात लिहिणारे लोक आहेत. दुसरी मागणी पहिलीला खाते.

मागणी कशी लिहायची: शाळा सुटायच्या वेळी आणि उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी ट्रक बंद, दर तासाला कमाल फेऱ्या, मोजणी कोण करणार, हद्द ओलांडली तर काम थांबणार का. हे परवान्याच्या अटीत बसतं. ‘वाहतुकीचा त्रास होईल’ हे नुसतं मत झालं.

हिशेबनीस

पैशाशिवाय सगळं हवेत. २०१८ च्या खर्चाच्या प्रकरणात कंपनीने पाडकामाला ४.८ अब्ज डॉलर मागितले. उपयोगिता आयोगाने २०२१ मध्ये तडजोडीने सुमारे ३.९ अब्ज मान्य केले. हे प्रकरण दर तीन वर्षांनी येतं आणि जमिनीचं भवितव्य तिथे आडमार्गाने ठरतं, कारण एखादी वस्तू काढायचा खर्चच धरला नाही तर ती वस्तू काढली जाणार नाही. परवान्याची सुनावणी होईतो निवड झालेली असते.

आणखी एक. पाडकामाचा न्यास निधी एनआरसीच्या नियमाने किरणोत्सर्गी भाग साफ करायला असतो. जागा सपाट करणं, झाडं लावणं, जळालेलं इंधन सांभाळणं यासाठी त्यातून खर्च करायचा तर वेगळी मुभा घ्यावी लागते. इंधन सांभाळायचा खर्च कंपन्या शेवटी फेडरल सरकारकडून वसूल करतात, कारण सरकारने १९९८ पासून ते उचलायचं कबूल केलं होतं आणि उचललं नाही. उद्यान, पायवाटा, संग्रहालय यातलं काहीच त्या निधीत बसत नाही. ‘पाडकामाच्या पैशातून उद्यान करा’ असं लिहू नका, पहिल्याच वाचनात खोडलं जातं.

कराचंही बघा. केंद्राचा मालमत्ता कर संपला की आधी शाळा हलते, इथे सॅन लुईस कोस्टल हा शाळा जिल्हा. म्हणून २०१८ च्या सिनेट बिल १०९० ने साडेआठ कोटी डॉलर दिले: साडेसात कोटी सेवांसाठी, एक कोटी आर्थिक विकासाला. जमीन सगळी संवर्धनात गेली तर करपात्र काय उरणार, हा प्रश्न शाळेचे लोक विचारतात तेव्हा त्यांना निसर्गद्रोही म्हणू नका. प्रश्न बरोबर आहे.

पडवी

मग जमीन नेमकी कधी मोकळी होते? पाडून झाल्यावर लगेच?

बेकरेल

मोकळी होते, पण जळालेल्या इंधनाच्या टाक्या सोडून.

जळालेलं इंधन आधी पाण्याच्या तलावात निवतं, मग कोरड्या टाक्यांत. डायब्लोत २००९ पासून ५८ टाक्या भरल्या गेल्या. एक टाकी उभी २० फुटांच्या आसपास, व्यास ११ फूट, आत पोलादी डब्यात ३२ इंधनजोड, म्हणजे इंधनकांड्यांच्या जुड्या. बाहेरून पाहिलं तर पांढरा गोल हौद. बाकी बऱ्याच ठिकाणी अशा टाक्या चबुतऱ्यावर नुसत्या ठेवलेल्या असतात. इथे भूकंपामुळे साडेसात फूट जाडीच्या काँक्रीटला बोल्टने जखडल्या आहेत. केंद्र चालेल तितक्या टाक्या वाढणार. फेडरल सरकार नेत नाही तोवर त्या तिथेच, त्यांच्याभोवती कुंपण, पहारा आणि त्यांचा वेगळा परवाना.

मेन यांकीत सगळं जमीनदोस्त होऊन वीस वर्षं झाली, ६४ टाक्या अजून उभ्या आहेत: ६० इंधनाच्या, ४ इतर कचऱ्याच्या. शिकागोच्या वर झायन अणुकेंद्राची तळ्याकाठची जागा २०२३ मध्ये मोकळी केली, टाक्यांचा तुकडा वगळून. पीजी अँड ईच्याच हंबोल्ट बेला १९७६ ला बंद झालेलं केंद्र २०२१ ला परवान्यातून सुटलं, इंधन आणि इतर कचरा जमिनीखालच्या सहा टाक्यांत तिथेच.

म्हणून पार्सल पीच्या वापराबद्दल लिहिताना टाक्यांचा चबुतरा आणि तिथे जाणारा रस्ता नकाशावर आधी काळा करा, मग उरलेल्यावर बोला. रस्ता विसरतात लोक. पहारेकऱ्यांच्या गाड्या त्याच रस्त्याने जाणार, पुढे कधी टाक्या निघाल्याच तर त्याही.

कोरांटी

धाग्यात अजून ज्यांची जमीन होती त्यांचं नाव आलं नाही. याक तित्यू तित्यू याक तिल्हिनी, उत्तर चुमाश. त्यांची मागणी ‘जमीन परत’ ही आहे आणि ती भावनेवर उभी नाही. उपयोगिता आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये धोरण केलं: वीज कंपनीने जमीन काढायची ठरवली तर त्या मुलखातल्या मूळ जमातीला आधी विचारायचं. त्यामुळे २००० सालच्या मार्चमधल्या सल्लागार मतदानाचा दाखला देताना जपून. तेव्हा कौंटीतल्या जवळजवळ ७५ टक्के मतदारांनी जमीन राखायला कौल दिला हे खरं. पण तो बंधनकारक नव्हता, आणि राखायची म्हणजे कुणाच्या नावावर ते त्यात नव्हतं.

पायवाटांवर लिहिणाऱ्यांना एक सांगणं. प्राचीन वस्त्यांच्या जागा अहवालाच्या नकाशात दाखवत नाहीत, कायद्यानेच गुप्त ठेवतात, कारण दाखवल्या की खणणारे येतात. ‘अहवालात नकाशा नाही म्हणून अहवाल अपुरा’ असं लिहिलेली पत्रं वाया जातात. आत्ता पॉइंट बुचॉनच्या वाटेवर नाव नोंदवून ठरावीक संख्येनेच सोडतात, पेचोच्या वाटेवर मार्गदर्शकासोबतच जाता येतं. रोज किती माणसं, कुणासोबत, कुठल्या महिन्यांत वाट बंद, अशी मागणी करा. ‘खुलं करा’ हे तुकडा पाडून मागितलं तर मिळतं.

तात्या_नाशिककर

इतकं सगळं करून शेवटी कंपनीला हवं तेच होतं. उगाच दमछाक.

मोजणीदार

तात्या, मेन राज्याचं वरचं उदाहरण वाचलंत का? कॅलिफोर्नियातलंच रँचो सेको अणुकेंद्र तर १९८९ च्या जूनमध्ये लोकांच्या मतदानाने बंद झालं, दुसऱ्याच दिवशी. आज तिथे तळ्याकाठी उद्यान आहे, सौर पॅनल आहेत, शेजारी गॅसवरचं केंद्र आहे. शीतक मनोरे पाडलेच नाहीत, अजून उभे. वीजवाहिन्या होत्या म्हणून वीजच पुन्हा आली, हा धडा डायब्लोलाही लागू: ५०० केव्हीचं उपकेंद्र कुठे जात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मोरो बेसमोरच्या समुद्रात पवनऊर्जेच्या तीन पट्ट्यांचा लिलाव झाला, ते घेणाऱ्यांचा डोळा याच जोडणीवर.

पडवी

तारापूरला यातलं काही लागू होतं का? पालघरकडची बरीच मंडळी इथे वाचतात.

बेकरेल

कायदा वेगळा, अडचण तीच. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ ची. तिसरं-चौथं, प्रत्येकी ५४० मेगावॉट, २००५-०६ मध्ये त्याच आवारात सुरू झालं. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली. शेजारची युनिटं चालू आहेत तोवर जुन्यांची जमीन कुणाला सुटी करून देता येत नाही, कारण मोकळं ठेवायचं क्षेत्र चालू युनिटभोवती मोजतात. अमेरिकेतही इलिनॉयमधल्या ड्रेस्डेन केंद्राचं पहिलं युनिट १९७८ ला बंद झालं आणि शेजारी दोन चालू आहेत म्हणून तसंच थांबलंय. आपल्याकडे पाडकामासाठी विजेच्या युनिटमागे दोन पैसे आकारणी आहे. ‘दर युनिट दोन पैसे’ म्हणजे किती साठले आणि जमीन पूर्ववत करणं त्यात बसतं का, हा माहिती अधिकारात विचारायचा पहिला प्रश्न.

हिशेबनीस

दोन पैसे ही रक्कम फार जुनी आहे, एवढंच म्हणतो.

मोजणीदार

पत्र कसं लिहायचं ते विचारलं होतं दोघांनी व्यक्तिगत निरोपात. इथेच देतो.

मसुदा ईआयआरवर हरकती-सूचनांना साधारण ४५ दिवस असतात. डायब्लोच्या पाडकामाचा मसुदा जुलै २०२३ मध्ये आला, आणि तो केंद्र २०२४-२५ ला बंद होणार हे धरून लिहिलेला. रहदारी, पाणी, पक्षी, सगळ्याची पायाभूत मोजणी त्या काळची. पाडकाम पाच-सहा वर्षांनी सरकलं तर ती मोजणी शिळी. तेव्हा पहिली मागणी: बदललेल्या तारखांवर मोजणी नव्याने करा आणि तो भाग पुन्हा लोकांपुढे ठेवा. कायद्यात याची सोय आहे, उपकार मागत नाही आपण.

दुसरं, जो मुद्दा मुदतीत कुणीच मांडला नाही तो पुढे कोर्टात काढता येत नाही. तो तुम्हीच मांडायला हवा असं नाही, कुणीतरी मांडलेला असला की पुरे. निर्णयाची नोटीस लागल्यावर दाव्याला फक्त ३० दिवस. किनारा आयोगाकडे अपीलाला कामाचे १० दिवस, तेही आयोगाला कौंटीची नोटीस मिळाल्यापासून.

नमुना, बंधाऱ्यांवर:

‘मसुद्याच्या अमुक प्रकरणात बंधारे ठेवायचे धरले आहेत. पुढील ३० वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च आणि तो कुणी सोसायचा हे दिलेलं नाही. समुद्राची पातळी वाढल्यावर ट्रायबारची उंची पुरेल का, याची मोजणी दिलेली नाही. भाडेपट्टा कुणाकडे जाणार हे न ठरवता ठेवण्याचा पर्याय आणि काढण्याचा पर्याय यांची तुलना होऊ शकत नाही. दोन्हींची तुलना खर्चासह द्यावी.’

पाच वाक्यं, प्रकरण क्रमांक, एक मागणी. यावर त्यांना लेखी उत्तर द्यावंच लागतं. दोनशे जणांनी एकच छापील पत्र पाठवलं तर उत्तर एकच मिळतं, दोनशे नाही.

खाडीकाठ

त्यात गोड्या पाण्याच्या प्रकल्पाची ओळही घाला. केंद्राला स्वतःचा समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे. तो कौंटीला वापरता येईल का, ही चर्चा आधीही झाली होती. पण त्याला समुद्राचं पाणी आत घेणारं तेच बांधकाम लागतं, आणि ते बंद करायचं पाडकामाच्या अर्जात आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले नाहीत तर कळत नाही.

मोजणीदार

घातली. सहावं वाक्य झालं, चालेल. विषयाच्या ओळीत राज्याच्या क्लिअरिंगहाऊसचा, म्हणजे पर्यावरण अहवालांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाचा, क्रमांक लिहा, मसुद्याच्या पहिल्याच पानावर असतो. पत्र ईमेलने पाठवलं तरी पोच मागा आणि ती जपून ठेवा.